एका वाड्यात दोन बिऱ्हाडं

आमच्या बचत गटात संगणकाला कोणी संगणक म्हणत नाही. 'पेटी' म्हणतात. "ताई, पेटी चालू करा," "पेटीत बघा की माझा हप्ता," असं चालतं. पुण्यातल्या एका कंपनीने २०१९ मध्ये जुने संगणक काढून टाकले, त्यातला एक कोळवणला आमच्याकडे आला. तेव्हाच तो पाच-सहा वर्षांचा होता. पण जुनं भांडं जाड पत्र्याचं असतं तसा हा निघाला. त्यात हार्ड डिस्कच्या जागी एक एसएसडी बसवली, रॅम वाढवून आठ जीबी केली, आणि गटाचे हिशेब, मुलांचे दाखले, तांदळाच्या ऑर्डरी, लग्नाच्या पत्रिकासुद्धा त्यावर व्हायला लागल्या. (आमच्या खोऱ्यात आंबेमोहर होतो. त्याच्या ऑर्डरी सांभाळणं हे बँकेपेक्षा अवघड काम आहे, पण तो वेगळा विषय.)

या पेटीत दोन ऑपरेटिंग सिस्टीम आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र चालू केल्यावर जी सगळा कारभार हाती घेते ती. कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, फायली या सगळ्यांना कामाला लावणारी. बहुतेकांच्या घरी ती विंडोज असते. आमच्याकडे विंडोज १० होती. करोनात, २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि गटातल्या बायांची पोरं या पेटीवर अभ्यासाला यायला लागली. कोणाकोणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे, विंडोज रांगायला लागायची. तेव्हा गावात अडकलेल्या एका शिक्षकांनी तिच्या शेजारी उबुंटू बसवून दिली. उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला आणि सगळ्या जगाला खुला ठेवला. उबुंटू २००४ पासून निघते आहे. पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही. मराठीत मेनू दिसतात.

दोन सिस्टीम एका यंत्रात, याला 'ड्युएल बूट' म्हणतात. मी गटात समजावून सांगताना वाड्याचं उदाहरण देते. वाडा एक, बिऱ्हाडं दोन. प्रत्येकाच्या खोल्या वेगळ्या, भिंत मधे. पण दिंडी दरवाजा एकच. त्या दरवाजात एक पाटी असते, त्यावर दोन्ही बिऱ्हाडकरूंची नावं. पेटी चालू केली की पहिल्यांदा ही पाटी दिसते. दहा सेकंदांत तुम्ही ठरवायचं, कोणाकडे जायचं. ही पाटी आणि दरवाजा सांभाळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं नाव ग्रब. तुमचं-माझं सगळं लक्ष खोल्यांवर असतं, या दरवाजाकडे कोणी बघत नाही. तो बिघडला की मात्र आतली दोन्ही घरं शाबूत असून आपण रस्त्यावर.

आता यात हात घालायची वेळ का आली ते सांगते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं सांभाळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. म्हणजे त्या दिवशी पेटी बंद पडत नाही, पण सुरक्षेची नवी ठिगळं येणं थांबतं. त्यापुढची विंडोज ११ ही सरसकट कुठल्याही यंत्रावर चढत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमची पेटी चौथ्या पिढीची. एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पण वर्षाने पुन्हा तोच प्रश्न. कॅनालिस या बाजार-अभ्यास करणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज सांगितला होता, की या एका निर्णयामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील. त्या २४ कोटींत आमची पेटी एक.

दुकानदाराला विचारलं तर तो सहज म्हणाला, "ताई, फेकून द्या. चाळीस हजारात नवीन बसवून देतो." त्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण आमच्या गटात चाळीस हजार म्हणजे चार बायांचं कर्ज. एकीची म्हैस, एकीचं शिलाई मशीन, एकीच्या छपराचे पत्रे, आणि वर्षाचं खत-बियाणं. पेटीसाठी ते कोण बाजूला काढून ठेवणार?

गटातल्या एका सभासदाची पुतणी पुण्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आहे. करोनात याच पेटीवर अभ्यास केलेली पोरगी. तिनं सुचवलं ते मला पटलं. "काकू, विंडोज ठेवा, पण तिचं इंटरनेट तोडून टाका. जुन्या फायलींपुरती राहू दे. बँक, ईमेल, सरकारी साइट सगळं उबुंटूतून करा. फक्त उबुंटूसुद्धा म्हातारी झालीय. आपली २०.०४ आहे, तिचा सांभाळ मे २०२५ मध्येच संपलाय. तिला आधी २२.०४ करायची, मग २४.०४. एकदम उडी मारता येत नाही, पायरी-पायरीनं." उबुंटूचे हे आकडे म्हणजे साल आणि महिना. २०.०४ म्हणजे २०२० चा एप्रिल. दर दोन वर्षांनी एक पक्की आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षं सांभाळतात.

दसऱ्यानंतरच्या रविवारी, ५ ऑक्टोबरला, ती आली. सगळ्या हिशेबाच्या फायली आधी पेनड्राइव्हवर काढून घेतल्या, मगच सुरुवात केली. मोबाइल खिडकीत ठेवून इंटरनेट घेतलं. आमच्याकडे डोंगराआड रेंजचं काही खरं नाही, एक जीबीच्या वरचं सामान उतरायला दुपार गेली. पाचच्या सुमारास बसवायचं काम सुरू झालं. तिची बस होती. "काकू, मधे प्रश्न विचारला तर 'हो' म्हणा, शेवटी स्वतःच बंद होऊन चालू होईल," असं सांगून ती निघाली. तिची परीक्षा होती दुसऱ्या दिवशी.

साडेसहाला परतीचा पाऊस आला आणि लाइट गेली.

यूपीएसने दहा मिनिटं दम काढला. मग पडदा काळा. रात्री लाइट आल्यावर पेटी सुरू केली तर पाटी नाही, बिऱ्हाडं नाहीत. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात 'ग्रब रेस्क्यू' एवढी अक्षरं आणि पुढे एक लुकलुकणारी रेघ.

त्या रेघेकडे बघताना माझ्या डोक्यात १३ तारीख होती. पुढच्या सोमवारी बँकेत कागद द्यायचे होते. गटाची कर्जमर्यादा वाढवायची तर तीन वर्षांचा सभासदवार हिशेब हवा. कोणी किती उचललं, किती फेडलं, किती शिल्लक. त्या वाढीव कर्जातून एका सभासदाच्या मुलीची नर्सिंगची फी जाणार होती आणि कॉलेजने महिनाअखेरपर्यंतच थांबायचं कबूल केलं होतं. बाई दुसऱ्याच्या शेतावर भात काढायला जाते. तिनं मला एवढंच विचारलं, "ताई, सोमवारचं होईल ना?"

तुम्ही म्हणाल, फायली पेनड्राइव्हवर होत्या की. होत्या. सोमवारी सकाळी शेजारच्या घरातल्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली. आकडे होते. तारखा होत्या. नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलरची चिन्हं यांची खिचडी. बाराशे भरले, पाचशे भरले, पण भरले कोणी? आमच्या अध्यक्षा मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, पैसं हायेत आन् माणसंच गेली!"

हे का होतं ते थोडं सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी सोसायट्या, शाळा, मंडळांच्या कपाटात हा प्रश्न झोपलेला आहे. युनिकोड घराघरांत पोचण्याआधी मराठी टाइप करायची तर वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट असत. पुण्यात त्यावर मोठं काम झालं. सी-डॅक १९८८ मध्ये पुण्यातच स्थापन झाली. श्रीलिपीही पुण्याचीच. त्या काळात त्यांनी मराठी पडद्यावर आणली म्हणून तर छापखाने आणि दैनिकं चालली. पण त्या फॉन्टांची युक्ती अशी होती, की यंत्राच्या पोटात इंग्रजीच अक्षर साठवायचं आणि फॉन्टने त्याच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. आत 'के' असेल, दिसेल 'ज्ञ'. प्रत्येक फॉन्टचा मुखवटा निराळा. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर मुखवटा गळून पडतो. आकड्यांची गोष्ट वेगळी. आमच्या फॉन्टमध्ये एकाच्या जागी एकच होता, म्हणून आकडे वाचले. युनिकोडमध्ये मात्र 'क' हा आतूनच 'क' असतो, फॉन्ट कोणताही लावा.

आमच्या गटाच्या हिशेबाचा नमुना २००९ मध्ये अशाच एका जुन्या फॉन्टमध्ये कोणीतरी करून दिलेला. हिशेब लिहिणाऱ्या बाईंचा हात त्यावर बसला. तोच दरवर्षी पुढे चालला. फॉन्टची सीडी केव्हाच हरवली. तो फॉन्ट आता जगात आमच्यापुरता एकाच ठिकाणी होता. पेटीतल्या विंडोजमध्ये, त्या बंद दरवाजाच्या आत.

नव्या संगणकांत चालू करतानाच एफ १२ की तत्सम बटण दाबलं, तर थेट विंडोजचं दार निवडता येतं. कारण त्यात दोन्ही सिस्टीमची उघडण्याची सोय वेगवेगळी नोंदलेली असते. पोरीने फोनवर आधी तेच करून बघायला सांगितलं. पण आमची पेटी जुन्या पद्धतीने बसवलेली. डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात एकच दरवाजा आणि तो ग्रबचा. त्याचा अर्धा भाग नवा झालेला, अर्धा जुना राहिलेला, आणि एकमेकांशी जुळेना.

मंगळवारी पेटी गाडीवर बांधून गावाबाहेरच्या एका दुकानात नेली. मुलगा हुशार वाटला. दोन मिनिटं बघून म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल, मॅडम. संध्याकाळी घेऊन जा." फॉरमॅट हा शब्द फार सहज बोलला जातो. फॉरमॅट म्हणजे वाडा पाडून नवा बांधणं. आतल्या माणसांचं काय, हे त्यात कोणी विचारत नाही. मी म्हणलं, "दरवाजाच अडकलाय ना, मग भिंती कशाला पाडता?" तो हसला. पेटी परत घेऊन आले.

मला तांत्रिक ज्ञान नाही. मी मराठी घेऊन बीए झालेली बाई. आमच्यातल्या निम्म्याजणींसारखी मीही कधीकाळी एमएस-सीआयटी केली, ती विंडोज एक्सपीवर. पण वीस वर्षं गावात काम करताना एक गोष्ट हाताला लागली आहे. रेशनकार्डावरचं नाव चुकलं, सातबाऱ्यावरची नोंद अडली, तर पहिल्यांदा विचारायचं की नेमकं काय अडलंय आणि काय शाबूत आहे. पेटीच्या बाबतीतही मी त्या पोरीला फोनवर हेच विचारत होते. ती म्हणाली, "काकू, विंडोजच्या भागाला आपण हातच लावलेला नाही. शंभर टक्के आत आहे सगळं. शुक्रवारी पेपर संपतो, मी शनिवारी सकाळी येते. तोवर कोणाला पेटी देऊ नका." त्या शेवटच्या वाक्यावर मी चार दिवस काढले.

शनिवारी ती एक पेनड्राइव्ह घेऊन आली. त्यात अख्खी उबुंटू होती. हे मला फार आवडलं. पेटीत काही न बसवता, पेनड्राइव्हवरूनच सिस्टीम चालू करता येते. याला लाइव्ह म्हणतात. सुरुवातीला ती विचारते, 'बसवू की नुसतं वापरून बघू?' 'वापरून बघू' एवढंच म्हणायचं. म्हणजे वाड्याचा दरवाजा अडकला म्हणून आपण शिडी लावून खिडकीतून आत उतरलो, घरातलं काही हलवलं नाही.

पडदा उजळला. डाव्या बाजूच्या यादीत विंडोजचा भाग दिसला. ती उघडायला गेली, तर सिस्टीम म्हणाली की फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. यामागचं कारण असं, की विंडोज १० बंद केली तरी पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून एक डोळा उघडा ठेवून झोपते. 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात त्याला. अशा अर्धवट झोपेत तिच्या सामानाला दुसऱ्याने हात लावला तर नासधूस होते, म्हणून उबुंटू शहाणपणाने लांब राहते. आम्हाला लिहायचं नव्हतंच. विंडोजच्या फोल्डरात 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर असतो. त्यातून आमच्या फॉन्टची फाइल उचलली, लाइव्ह उबुंटूत बसवली, लिबरऑफिसमध्ये हिशेब उघडला.

नावं आली. एकदम नाही, पान वर सरकेल तशी. अध्यक्षा बोट लावून वाचायला लागल्या. आपलं नाव आलं तेव्हा त्या थांबल्या आणि पदराने पडदा पुसला. धूळ होती, असं त्या म्हणाल्या.

तिथल्या तिथे तिन्ही वर्षांच्या याद्यांचे पीडीएफ केले. पीडीएफमध्ये अक्षरांचं चित्र सोबत जातं, मग समोर फॉन्ट असो-नसो. दुपारी बारापर्यंत बँकेचे कागद तयार होते. पोरगी म्हणाली, "आता बिघडलं तरी चालेल, आता दुरुस्तीला बसू." हा क्रम मी लक्षात ठेवला आहे. आधी जे वाचतंय ते बाहेर काढायचं, मग हात घालायचा. आमच्या दुकानदाराचा क्रम उलटा होता.

दुरुस्तीला दोन तास लागले. लाइव्ह उबुंटूतून तिने जुन्या उबुंटूच्या खोलीत प्रवेश केला, म्हणजे बाहेर उभं राहून आतल्या माणसासारखा कारभार करायचा. लाइट गेली तेव्हा शेकडो छोटे-मोठे प्रोग्रॅम अर्धवट राहिले होते. काही उतरले पण बसले नाहीत, काही बसले पण जागेवर लागले नाहीत. त्यासाठी एक आज्ञा आहे, डीपीकेजी कॉन्फिगर. अर्धवट राहिलेलं सगळं ती एकेक करून पुरं करते. पडद्यावर ओळी धावत होत्या. मधे दोनदा अडलं, तुटलेलं सांधण्याची दुसरी आज्ञा दिली, पुन्हा चाललं. शेवटी ग्रब-इन्स्टॉल. दरवाजा नवा बसला. यावेळी यूपीएसवर विसंबलो नाही, शेजारच्या घरातला इन्व्हर्टर तारेने जोडून घेतला होता.

पेनड्राइव्ह काढून पेटी चालू केली. उबुंटू २२.०४ छान उघडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "विंडोज कुठाय?"

पाटीवर एकच नाव होतं. विंडोज नाही. खोलीभर शांतता. मीच म्हणलं, आत असेल, पाटीवरून नाव पुसलं गेलं असेल. तसंच होतं. ग्रब पूर्वी प्रत्येक वेळी शेजारीपाजारी कोण राहतं ते स्वतः हिंडून शोधत असे. २०२१ मध्ये आलेल्या २.०६ या आवृत्तीपासून त्यांनी हे हिंडणं आपणहून बंद केलं, सुरक्षेच्या कारणाने. उबुंटू २२.०४ मध्ये तीच आवृत्ती आहे. त्यामुळे जगभर अनेकांना नवी आवृत्ती चढवल्यावर वाटलं की आपली विंडोज पुसली गेली, आणि त्या घाबरगुंडीत कितीजणांनी फॉरमॅट मारलं असेल देव जाणे. उपाय एका ओळीचा आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ओएस प्रोबर बंद ठेव' या अर्थाची जी ओळ असते तिच्यापुढे 'फॉल्स', म्हणजे 'नको', लिहायचं आणि 'अपडेट ग्रब' म्हणायचं. पाटीवर दुसरं नाव आलं. विंडोज उघडली. पहिल्यांदा तिचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, तिचं इंटरनेट तोडलं.

दोन बिऱ्हाडांत शेजारधर्म कायम सुखाचा असतो असं नाही, हे इथे सांगून टाकते. १३ ऑगस्ट २०२४ ला विंडोजचं सुरक्षेचं एक ठिगळ आलं. ग्रबमधली एक जुनी फट बुजवायची म्हणून ते होतं. दोन सिस्टीम असलेल्या यंत्रांवर ते लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, पण अनेक यंत्रांवर ते लागलं आणि तिथली लिनक्स उघडेनाशी झाली. 'काहीतरी फारच गंभीर बिघडलं आहे' अशा अर्थाचा संदेश देऊन यंत्र बंद पडायचं. लोकांनी सिक्युअर बूट नावाचं कुलूप तात्पुरतं काढून मार्ग काढला. पक्का इलाज मे २०२५ च्या अपडेटमध्ये आला. आमच्या पेटीत ते कुलूपच नाही, जुनी पद्धत. त्यामुळे त्या वर्षी आम्हाला पत्ताही लागला नाही. म्हातारपणाचा एवढा तरी फायदा.

सोमवारी बँकेत कागद गेले. मर्यादा वाढली, पैसे यायला दिवाळी उलटली, पण महिनाअखेरीच्या आत फी भरली गेली.

नोव्हेंबरात एक गंमत झाली. बँकेचे अधिकारी गटाची पाहणी करायला आले. हप्त्याच्या पावत्या चाळता चाळता म्हणाले, "ताई, तुमचा गट फारच कडक दिसतो. पहाटे साडेचारला हप्ते गोळा करता?" बघतो तर खरंच, पावतीवर वेळ ४.३०. प्रत्यक्षात बैठक सकाळी दहाची. बरोबर साडेपाच तासांचा फरक. आता साडेपाच हा आकडा भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलेला. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पेटीत एक बारकं घड्याळ असतं, बॅटरीवर चालणारं. उबुंटू त्यात ग्रिनिचची वेळ लावते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. विंडोज समजते की या घड्याळात गावचीच वेळ आहे. पूर्वी विंडोज इंटरनेटवरून स्वतःचं घड्याळ सुधारून घ्यायची, म्हणून कधी लक्षात आलं नाही. आम्ही तिचं इंटरनेट तोडलं आणि ती ग्रिनिचला जाऊन बसली. उबुंटूला एक आज्ञा देऊन सांगितलं, की पेटीच्या घड्याळात गावचीच वेळ ठेव. मिटलं. आमच्या अध्यक्षा मात्र अजून उशिरा येणारीला सुनावतात, "पहाटे साडेचारला यायचं ठरलंय, ठाऊक नाही?"

खरं मोठं काम त्यानंतर सुरू झालं, ते नावांचं. विंडोज किती दिवस सांभाळणार? हिशेब युनिकोडमध्ये आणायलाच हवा होता. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम मिळतात, आम्ही एक वापरला. नव्वद टक्के नावं नीट आली. अडलं ते ह्रस्व वेलांटी आणि रफार यांच्यापाशी. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून, जशी आपण उच्चारतो तशी. रफार उलटा. दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण युनिकोडमध्ये र आधी येतो. समजा नाव 'ऊर्मिला' असेल, तर एकाच अक्षरावर दोन्ही संकटं. आणि 'ऱ्य'चा तो डोळ्याच्या पापणीसारखा र, मराठीत पावलोपावली लागणारा, त्याने तर आडनावांचे धिंडवडे काढले.

म्हणून आम्ही ठरवलं, प्रत्येकीने आपलं पान आपण तपासायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या नातवंडांनी वाचून दाखवायचं. यानिमित्ताने पाच-सहाजणी इनस्क्रिप्टवर टाइप करायला शिकल्या. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रे, उजव्या हाताला व्यंजनं. क-ख-ग-घ एकमेकांच्या शेजारी सापडतात. सगळ्या भारतीय लिप्यांना तोच साचा चालतो. आमच्या हिशेबाच्या बाई पहिल्या आठवड्यात चिडायच्या, "जुनं काय वाईट होतं?" आता त्याच दुसऱ्यांना शिकवतात आणि त्यांच्यावर चिडतात.

पडद्यावर मराठी आपोआप उमटत नाही, हे या दिवसांत कळलं. मुंबईत २००० च्या सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी इंडलिनक्स सुरू केलं, लिनक्सला भारतीय भाषा यायला हव्यात म्हणून. लोहित नावाचे खुले फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ च्या सुमारास आणले, त्यांचा सांभाळ पुण्यात बसून झाला. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय लिनक्स काढली. मेनूमधला एकेक शब्द मराठीत आणणारे बरेचजण तर फावल्या वेळात, बिनपैशांनी काम करणारे. केरळने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा उपक्रम सुरू केला आणि पुढे सरकारी शाळा खुल्या सॉफ्टवेअरवर आणल्या. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या किती शाळांत धूळ खात पडलेले संगणक आहेत ते मला फिरताना दिसतं. त्यातल्या बऱ्याच पेट्यांचा दरवाजाच काय तो अडकलेला असेल, असं आता वाटायला लागलं आहे. पौड रस्त्यावरच्या एका शाळेतल्या बाईंशी बोलले आहे. त्यांच्याकडे तीन पेट्या आहेत.

आमच्या पेटीची दुसरी पायरी, २४.०४ ची, राहिली होती. ती डिसेंबरात चढलो. भात झोडून झालेलं, आभाळ स्वच्छ, सकाळी नऊला सुरुवात. यूपीएसला नवी बॅटरी घातली होती, अकराशे रुपये लागले, गटाच्या वहीत नोंद आहे. पोरगी पूर्ण वेळ बसून होती, तिच्यासाठी कोणीतरी पिठलं-भाकरी आणली. अडीच वाजता पाटी आली, दोन्ही नावं होती. त्या दिवशी लाइट काही गेली नाही.